एकतिसावी

शेळीची धार काढून मी उठतच होते, तेवढ्यात नागरगोजे सरांची मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. त्यांनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत आले आणि बाजेच्या अगदी कडेला टेकले. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या दिला, तो नुसता हातात धरून बसले.

"ताई, एक सही पाहिजे होती," ते म्हणाले.

लवटेवस्तीवरच्या आमच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. मुख्याध्यापक म्हणजे दोन शिक्षकांतले थोरले, एवढंच. मूळचे बीडकडचे, बदली होऊन इकडे माळावर आलेले, गावात भाड्याच्या खोलीत राहायचे. आणि मी शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. वस्तीवरच्या आयांमध्ये दहावी पास झालेली मी एकटीच, म्हणून पालकांनी हात वर करून मला बसवलं होतं.

"कशावर सही?"

"पटावर." त्यांनी पिशवीला हात लावला, पण कागद काही काढला नाही. "सरकारनं पैसा सोडलाय, ताई. दोन वर्षं रोगानं शाळा बंद होत्या, त्यांना जरा उभारी यावी म्हणून. सगळ्या सरकारी शाळांना मिळणार. पण सारखा नाही."

माझे मालक दावं वळत दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "मग कसा?"

"डोकी मोजून. तीस पोरांपर्यंतची शाळा असली तर अगदी थोडा. खडू आणले, विजेचं बिल भरलं, संपला. तिसाच्या वर एक जरी पोर असलं, तरी शाळा वरच्या गटात जाते. त्या पैशात पोरींचा संडास पुरा होतो. टाकी, नळ, दरवाजा, सगळ्यासकट."

"आन् आपली किती हायती?" आत्याबाईंनी विचारलं.

सर तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिले.

"तीस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "कागदावर एकतीस."

बाहेर शेळीनं पाय आपटला.

"ईश्वरीचं नाव मी अजून काढलेलं नाही," सर म्हणाले. "महिना बदलला की नवीन पानावर नावं उतरवावी लागतात. म्हटलं, या वेळी गाळू. माझा हात झाला नाही, ताई. उतरवलं. आणि आता हा पैशाचा आदेश आला. महिनाअखेरच्या पटावर तो मिळणार आहे."

ईश्वरी माझी मुलगी. तिसरीत होती. तिच्या पाठीवर मला मूल झालं नाही. श्रावणात ती गेली.

"मेलेल्या लेकराच्या नावावर पैका घ्यायचा?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. खरंच विचारत होत्या.

मालक म्हणाले, "आये, तू गप ऱ्हा." मग सरांना म्हणाले, "ठेवा नाव, सर. कुणाच्या तरी पोरीच्या कामाला येऊ द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सही माझी होती.

"उद्या शाळेत येते," मी म्हटलं आणि दूध घेऊन आत गेले.

आमच्या शाळेला संडास नव्हता असं नाही. होता. कुठल्याशा योजनेत बांधून झाला होता. त्याला पाणी देणारी योजना दुसरी होती, ती आमच्या वस्तीपर्यंत आलीच नाही. बिनपाण्याचा संडास किती दिवस चालणार? दोन पावसाळ्यांत त्याचा दरवाजा कुजला, आणि मग खिचडी शिजवणाऱ्या बाई त्यात सरपण ठेवायला लागल्या. मुलगे काय, कुठंही जायचे. पोरी मात्र ओढ्याकडे, घाणेरीच्या झुडपांमागे. समितीच्या बैठकीत मी दोनदा हा विषय काढला होता. दोन्ही वेळा वर लिहून कळवायचं ठरलं, आणि सरांनी ते कळवलंही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत ईश्वरी तिकडे गेली. गवतात घोणस होती.

सरांनी तिला मोटारसायकलवर पुढ्यात न घेता मागे बसवलं, तिच्या पाठीमागे दुसऱ्या शिक्षिका मुलाणी मॅडम तिला धरून बसल्या, आणि तिघं तालुक्याला निघाली. मॅडम मला पुढे म्हणाल्या, रस्ताभर ती एकच बोलत होती, माझं दप्तर वर्गातच राहिलंय. मी डाळिंबाच्या बागेत होते. मला निरोप मिळून मी पोचेपर्यंत तिला झाकलेलं होतं.

त्यानंतर मी रडले नाही. लोकांना ते बरं दिसलं नाही. बायका येऊन माझ्या गळ्यात पडायच्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. पायाला मुंग्या आल्यावर पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. धारा काढत होते, भाकरी थापत होते, बागेत मजुरीला जात होते. काम अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.

वर्गाच्या दाराशी पोचले तेव्हा आत हजेरी चालली होती. महिनाअखेरीला विस्तार अधिकारी बाई स्वतः येऊन पोरं मोजणार होत्या, म्हणून सर तालीम घेत होते. एकेक नाव, एकेक "हजर". पुढच्या रांगेत माझ्या जावेची परी बसलेली दिसली. परी अजून पाचाची पण झाली नव्हती, ती अंगणवाडीतली. तिच्या अंगात ईश्वरीचा गणवेश होता. मीच दिला होता जावेकडे, ठेवून काय करायचा म्हणून. बाह्या कोपराच्या खाली आल्या होत्या.

"ईश्वरी लवटे," सर म्हणाले.

"हजर!" परी ओरडली. मग तिला मी दिसले. ती उठून उभीच राहिली आणि हसून म्हणाली, "काकू, मी ईश्वरी हाय!"

सरांनी वर बघितलं. मी आत गेले, परीच्या केसात गवताची काडी अडकली होती ती काढली. तिला खाली बसवलं. मग बाहेर येऊन व्हरांड्याच्या पायरीवर उभी राहिले. सर मागोमाग आले.

"तुम्ही येणार हे ठाऊक होतं, पण इतक्या सकाळी..." ते म्हणाले.

"सर, नाव काढा."

ते पायरीवरच बसले. मग म्हणाले, "मला काय हौस आहे का, ताई? त्या दिवशी गाडीवर तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं. अजून लागतं ते मला. शर्ट बदलला तरी लागतं. तो संडास झाला पाहिजे, एवढंच मला दिसत होतं. कसा होईल ते सुचलं नाही. हे सुचलं."

"मी तुम्हास्नी बोल लावत न्हाई. पण ती हजर न्हाई, सर. जी हजर न्हाई तिला हजर म्हणायचं न्हाई."

"मग आपल्या वाट्याला खडूचे पैसे येतील. गावातल्या शाळेला पोरं भरपूर, तिथं मागं फरशी बसली, आता परत बसेल. वरचा माणूस काय बघतो? आकडा. एका पोरानं कमी पडलो, हे त्याला कुठून कळणार?"

"न्हाई कळलं तर न्हाई."

"आणखी एक आहे." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिचं नाव काढलं की तुम्ही पालक राहत नाही. समितीत पालकच लागतात. तुमचंही नाव काढावं लागेल."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ईश्वरी गेली तरी त्या शाळेत माझी एक खुर्ची होती, बैठकीला निरोप यायचा. ती खुर्ची ईश्वरीची आई म्हणून होती, हे मी विसरलेच होते. मी अंगणातल्या हापशाकडे बघत राहिले. हापशावर कुणीतरी पाण्याची बाटली विसरलं होतं.

"काढा," मी म्हटलं. "दोन्ही काढा. पर एकतिसावं पोर खरोखरचं असलं तर?"

"कुठलं? वस्तीवरचं प्रत्येक पोर शाळेत आहे. घरोघर फिरलोय मी."

"वस्तीवरचं न्हाई," मी म्हटलं. "मी आणते."

माळाच्या पलीकडे मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं, आणि त्यासाठी टेकडीच्या पोटाशी खडीचा क्रशर बसवला होता. बागेत जाता-येता मला तो दिसायचा. तिथली झाडं, पत्रे, माणसं, सगळी पिठात लोळल्यासारखी पांढरी. मजूर विजापूरकडचे. त्यांच्या पालांपाशी एक पोरगी कायम दिसायची. आठ-नऊ वर्षांची, काखेत भाऊ. एवढंच मी तिच्याविषयी जाणून होते.

मी गेले तेव्हा क्रशर बंद होता, जेवणाची सुट्टी होती. पोरगी चुलीपुढे बसून भावाला भात भरवत होती. तिची आई पदरानं तोंडावरची धूळ पुसत आली. मल्लव्वा तिचं नाव.

"काय पायजे?" तिनं विचारलं. तिकडच्या लोकांचं मराठी कानडीत घोळलेलं असतं.

"तुझ्या पोरीला शाळेत घालायचीय."

ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "तू बाई मास्तर काय?"

"न्हाई."

"सरकारी काय?"

"न्हाई. पलीकडच्या वस्तीवरची हाय."

"आमी हितं चार महिना असतंय, मग दुसरीकडं जातंय. शाळा घालून काय करतंय?"

"जेवढे दिवस हायसा तेवढे दिवस."

"आन् ह्ये ल्हान पोरगं कोण बघतंय? मी दगड उचलतंय, नवरा मशीनवर असतंय. मशीनपाशी पोरगं गेलं म्हणजे?"

"मी बघते त्याला."

मल्लव्वा चुलीपाशी बसली. तिला माझा संशय आलेला होता, आणि तो यावा असंच मी बोलत होते. तिनं विचारलं, "तुला काय मिळतंय, बाई?"

खरं ते सांगितलं. "शाळेत एक पोर कमी पडतंय. तेवढं भरलं तर सरकार जास्त पैसा देणार हाय. त्यातनं पोरींसाठी संडास बांधायचाय."

ती जोरात हसली. नवऱ्याला हाक मारून तिनं कानडीत सांगितलं, तोही हसला. "संडाससाठी पोरगी नेतंय!" ती मला म्हणाली, आणि पुन्हा हसली. मी उभीच होते. तिचं हसून झालं, मग तिनं पोरीकडे बघितलं. पोरीनं भाताचा हात तसाच हवेत धरला होता आणि ती आमच्या दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती.

"काशव्वा," आई म्हणाली, "जातंय काय?"

पोरीनं मान हलवली. कशासाठी हो म्हणतेय ते तिला कळलं असेल असं मला वाटत नाही.

तिचं नाव दाखल करायला दोन दिवस गेले. तिच्यापाशी कसलाच कागद नव्हता. मल्लव्वाला तिची जन्मतारीख विचारली तर ती म्हणाली, देवीच्या जत्रेच्या वक्ताला. सरांनी जत्रा कधी असते ते विचारून घेतलं, दातांकडे बघून वर्ष ठरवलं, आई-बापाचं म्हणणं म्हणून लिहून घेतलं. कागद नाही म्हणून पोराला परत पाठवता येत नाही, असा नियम आहे म्हणाले. तो नियम त्यांनी केंद्रप्रमुखांना फोनवर वाचून दाखवला. मग समितीची बैठक झाली, तीत ईश्वरीचं नाव आणि माझं, दोन्ही गळली. मुलाणी मॅडम रडल्या. नवे अध्यक्ष निवडले गेले, त्यांनी सही केली.

त्यानंतर माझा दिवस असा झाला. सकाळी धार काढायची, क्रशरवर जायचं, दोन्ही पोरांना घेऊन माळ ओलांडायचा. काशव्वा वर्गात बसायची, मी तिच्या भावाला घेऊन व्हरांड्यात. तो माझ्या मांडीवर झोपायचा. मजुरी बुडत होती. आत्याबाई सुरुवातीला काही म्हणाल्या नाहीत, मग एकदा म्हणाल्या, "परक्याची पोरं उरावर घेऊन काय मिळवलंस?" मी म्हटलं, "एक आकडा."

आणि ते खोटं नव्हतं. लोकांना वाटलं, पोर गेली म्हणून हिनं दुसऱ्याच्या पोरीत जीव रमवला. तसं काही नव्हतं. काशव्वाचं तोंड ईश्वरीसारखं नव्हतं, ती मला गोड वाटायची असंही नाही. तिच्या नाकाला कायम खडीची भुकटी असायची, ती मी पुसत नव्हते. जाताना-येताना आम्ही बोलतही नव्हतो. ती पुढे, मी मागे. पाऊलवाटेला गवत वाढलेलं होतं, म्हणून हातातली काठी मात्र मी आपटत चालायचे. मी तिला तिसाच्या वर न्यायला आणली होती, आणि ती कुठं पडू नये, हरवू नये, एवढंच बघत होते.

मोजणीच्या दिवशी विस्तार अधिकारी बाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात अडकवलेला, गाडीतून उतरतानाच घाम पुसत होत्या. त्या दिवशी त्यांना आणखी बऱ्याच शाळा करायच्या होत्या. सरांनी दिलेली खुर्ची घेतली नाही, हजेरी मात्र घेतली आणि स्वतः नावं पुकारायला लागल्या.

मी दाराबाहेर उभी होते, काखेत पोरगं.

पोरं पटापट ओ देत होती. आपल्यातलं कुणी घरी राहिलेलं नाही, हे सकाळीच मी मोजून घेतलं होतं. बाई शेवटच्या नावावर आल्या. "काशव्वा दुर्गप्पा."

कुणी बोललं नाही.

"काशव्वा दुर्गप्पा?" बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "गैरहजर का?"

काशव्वा समोरच बसलेली होती. तिला कळेना. तालमीच्या वेळी सर नुसतं "काशी" म्हणायचे, बापाचं नाव लावून तिला आजवर कुणी हाक मारली नव्हती. ते नाव आपलं आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. सरांचं तोंड पांढरं पडलं. बोलले तर पढवल्यासारखं दिसणार. बाईंनी पेन टेकवलं.

मी दारातून म्हणाले, "काशे, हजर म्हण."

ती ताडकन उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "हजर म्हण!"

सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मग हसू आवरून त्यांनी तिला जवळ बोलावलं, पाटीवर नाव लिहायला सांगितलं. काशव्वानं "का" लिहिला. त्यापुढचं तिला अजून येत नव्हतं. बाईंनी हजेरीतली दाखल तारीख बघितली आणि माझ्याकडे वळल्या.

"क्रशरवरची दिसते. आत्ताच घातलीय. पटासाठी आणली का हिला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "व्हय. पटासाठीच आणली."

पोरंही दाराकडे वळून बघायला लागली.

"रोज येते?"

"रोज येती."

"कोण आणतं?"

"मी."

"आणि हे काखेतलं?"

"तिचा भाऊ. ह्याला कुणी धरलं न्हाई तर तिला येता येत न्हाई."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमचं स्वतःचं मूल कुठल्या वर्गात आहे?"

मुलाणी मॅडम खिडकीकडे वळल्या. सर काही बोलणार होते, मी मान हलवून त्यांना थांबवलं.

"वर्गात न्हाई," मी म्हटलं.

बाईंनी आणखी विचारलं नाही. बोटानं एकेक डोकं मोजलं, पुन्हा उलट्या बाजूनं मोजलं. "पोर तर बसलंय समोर," स्वतःशीच म्हणाल्या, आणि आकडा लिहून खाली सही केली. गाडीत बसायच्या आधी त्यांनी ओढ्याच्या बाजूला जाऊन तो सरपणाचा संडास बघितला. तिथं काही लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

पैसा लगेच आला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. क्रशरवाले चार महिन्यांत जाणार होते, पण रस्त्याचं काम रेंगाळलं आणि ते राहिले. काशव्वा पूर्ण नाव लिहायला शिकली, मग भागाकाराला अडली. तिच्या भावाला पाय फुटले, त्याच्यामागे व्हरांडाभर पळावं लागायचं. मार्च संपत आला तेव्हा एके दिवशी सर धावतपळत आले. पैसा जमा झाला होता आणि महिना संपायच्या आत खर्च केला नाही तर परत जाणार होता. सहा महिने वाट बघायला लावणारा पैसा आठवड्यात संपवायचा होता. गवंडी मिळेना. शेवटी माझे मालक आणि वस्तीवरचे दोघंतिघं उन्हात उभे राहिले, सरांनी स्वतः विटा वाहिल्या, आणि काम झालं. टाकी बसली, हापशाला मोटर जोडली, आतून कडी लागेल असा दरवाजा लागला.

नारळ नव्या अध्यक्षांनी फोडला. फोटो निघाला. मी मागे पोरगं घेऊन उभी होते. पोरींनी लगेच रांग लावली, गरज असो-नसो, एकीमागून एक आत जाऊन कडी लावून बघत होत्या. मी ते बघितलं. मला वाटलं होतं, त्या वेळी काहीतरी होईल. आत काहीतरी हलेल. काही झालं नाही. मी घरी येऊन शेळ्यांना पाला टाकला.

मे महिन्यात क्रशर उठला. टेम्पो भरायला लागल्याचं समजलं म्हणून मी गेले. सरांनी काशव्वाचा शाळा सोडल्याचा दाखला करून माझ्याजवळ दिला होता, पुढच्या गावी शाळेत घालायला उपयोगी पडेल म्हणून. मल्लव्वानं तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि चोळीत ठेवला. पत्रे, चुलीचे दगड, भांडी, सगळं टेम्पोत चढलं होतं. काशव्वा वर बसून भावाला धरून होती.

मल्लव्वा जायला वळली, मग परत आली.

"काशी सांगतंय," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझं बी पोरगी व्हतं म्हणून. शाळेतलं पोरं सांगतंय तिला. खरं काय?"

मी हो म्हटलं.

"नाव काय?"

तोपर्यंत मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती. जे येत होते त्यांना सगळं आधीच ठाऊक असायचं, ते माझ्या आधी बोलायचे, माझ्या आधी रडायचे. मला विचारलं असं कुणी नव्हतं.

"ईश्वरी," मी म्हटलं. "माझी पोरगी. तिसरीत व्हती. सुट्टीत ओढ्याकडं गेली. घोणस चावली. मी बागेत व्हते. मला उशीर झाला."

मल्लव्वानं हातातली बादली खाली ठेवली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. ती मान वळवून त्याला कानडीत काहीतरी म्हणाली, एवढ्या जोरात की त्यानं इंजिन बंद केलं. मग ती तिथंच धुळीत बसली आणि माझा हात धरून मला खाली बसवलं.

"ईश्वरी," ती तिच्या पद्धतीनं, शेवटचं अक्षर लांबवत म्हणाली. मग म्हणाली, "सांग."

मी सांगत बसले. ती कुठं काही बोलली नाही. दप्तराचं सांगितलं, मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं, तिला मेथी आवडायची नाही ते सांगितलं. माझे डोळे कोरडेच होते, नुसता आवाज येत होता, आणि तो माझाच होता. वर टेम्पोत काशव्वा भावाच्या तोंडावर सावली धरून बसली होती. त्यांना उशीर होत होता, ऊन चढत होतं, नवरा दोनदा येऊन उभा राहून परत गेला. माझं संपलं तेव्हाच ती उठली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, बादली उचलली आणि वर चढली.

टेम्पो गेल्यावर माळ एकदम मोकळा दिसायला लागला. मी चालत घरी आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि मला भूक लागली. अशी लागली की उभं राहवेना. शिंकाळ्यात सकाळची भाकरी होती, ती मी काढली, वर मिरचीचा ठेचा घातला आणि उभ्या-उभ्याच खायला लागले. ती संपली, दुसरी घेतली. ठेचा तिखट होता. डोळ्यांतून, नाकातून पाणी यायला लागलं, ते काही थांबेना, आणि मी खातच राहिले.

आत्याबाई आतून आल्या. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी चूल पेटवली आणि काटवटीत पीठ घेतलं.